वाचनाची स्पर्धा नको, कपाटाची किल्ली द्या

मॅडम, सहावीची मुलं गोष्टीच्या पुस्तकांना हात लावत नाहीत, म्हणून 'महिन्यात दहा पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस' अशी स्पर्धा घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. मी सोलापुरात पूर्व भागातल्या शाळेत बरीच वर्षं शिकवतेय. अशा स्पर्धेत मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं उचलतात, शेवटचं पान बघून मोकळी होतात आणि बक्षीस वाटप झालं की वाचन थांबतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीत एक प्रयोग केला होता. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना त्यांनी आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळात नेमकी हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. गोडी असलेल्या गोष्टीला मोबदला चिकटला, की गोडी उतरते.

आधी कपाट उघडा. पुस्तक हरवलं तर डेडस्टॉक रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीचा मेळ बसत नाही, तपासणीत उत्तर द्यावं लागतं, म्हणून बऱ्याच शाळांत पुस्तकं कुलपात असतात. ही भीती खरी आहे, तिला हसू नका. मुख्याध्यापकांशी सुरुवातीलाच बोलून घ्या. वापरून फाटलेली पुस्तकं रीतसर निर्लेखित करता येतात, म्हणजे नोंदीतून कमी करता येतात. मग वर्गात एका भिंतीला सुतळी बांधा आणि पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी तिच्यावर अडकवा. कपाटात उभी लावलेली पुस्तकं ज्याला नाव माहीत आहे त्यालाच सापडतात. देवाणघेवाणीची वही मुलांकडेच सोपवा.

रोज वीस मिनिटं ठेवा आणि त्या वेळात तुम्हीही वाचत बसा, वह्या तपासू नका. आवडलं नाही तर पुस्तक अर्ध्यात सोडायची मुभा द्या. वाचून झाल्यावर तात्पर्य, सारांश, 'यातून काय शिकलात' यांतलं काहीही विचारायचं नाही. आपल्याला हेच सगळ्यात जड जातं, कारण विचारणं हाच आपला पेशा. माझ्या वर्गात एक मुलगा कित्येक दिवस सापांचं एकच पुस्तक घेऊन बसायचा, त्यातही नाग, मण्यार, घोणस, फुरसं असलेलं पान. बाकीचं उलटायचाही नाही. मी गप्प राहिले. एक दिवस स्वतःहून आला, "मॅडम, फुरसं आपल्याकडं असतंय का?" त्याच दिवशी त्याच्या हातात सापांचं दुसरं, जाड पुस्तक दिलं. त्याने ते घरी नेलं.

दुसरी अडचण भाषेची. आमच्याकडे घरोघरी तेलुगू, काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. बऱ्याच मुलांना तेलुगू बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि मराठी वाचताना अडखळतात. सहावीच्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं की त्याला लाज वाटते. त्याला सांगा, "धाकट्या भावाला वाचून दाखवायला ने." मग तेच पातळ पुस्तक तो मानाने नेतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूतल्या गोष्टी फुकट मिळतात, छापूनही घेता येतात.

घरी कोण ऐकणार, असं म्हणू नका. आमच्या भागात कितीतरी आया सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. हात गुंतलेले, कान मोकळे. माझ्या वर्गातली एक मुलगी आईशेजारी बसून मराठीत परिच्छेद वाचते आणि लगेच तेलुगूत सांगते. शेजारच्या दोघी बायकाही सूप घेऊन तिथेच येऊन बसायला लागल्या. परवा आईने तिला दम दिला म्हणे, आधी कालचं पुढं वाच, मग खेळायला जा. क्युबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायची प्रथा आहे, वाचणारा माणूस त्यासाठी खास नेमलेला असतो. तंबाखू वळणाऱ्यांना तिथे गोष्ट लागते, तशी इथेही लागते. पालकसभेत हे जरूर सांगा. अक्षरओळख नसलेल्या आईलाही यात काम मिळतं.

तुम्हीही वर्गात मोठ्याने वाचा. मोठी मुलं ऐकत नाहीत हा गैरसमज आहे. रंगात आलेली गोष्ट घंटेपाशी तोडा आणि पुस्तक टेबलावरच राहू द्या. सुट्टीत कोण उघडतं ते बघा. पुस्तकं कमी पडली तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक गोळा करा. ते १९७१ पासून निघतंय, बऱ्याच घरांच्या माळ्यावर सापडतं. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, मुलांना एकदा घेऊन जा.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापर्यंत थांबू नका, येत्या सोमवारी सुरू करा. पहिले काही दिवस निम्मी मुलं नुसती चित्रं बघतील, दोघं-तिघं खिडकीबाहेर बघतील. बघू द्या. तुमच्या वर्गातल्या मुलांना कशाकशाचं वेड आहे ते मला कळवा, त्याप्रमाणे पुस्तकं सुचवते.