पहिला मसुदा वाचून

नाशिक

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ या कवितेवरचा तुझा निबंध लक्षपूर्वक वाचला. भाषा स्वच्छ आहे, मांडणी नेटकी आहे. तरीही इंग्रजीच्या वर्गात ज्याला विश्लेषण म्हणतात ते त्यात अद्याप आलेले नाही, आणि तुझी वाचनाची ओढ मला ठाऊक असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहितो आहे.

पहिला परिच्छेद कवीच्या 1874 सालच्या जन्मापासून सुरू होऊन त्याच्या चार पुलित्झर पुरस्कारांपर्यंत जातो. ही माहिती खरी असली तरी तुझ्या पुढच्या म्हणण्याला तिचा काहीच आधार मिळत नाही, तेव्हा ती काढून टाक. त्यानंतर वाटसरू थांबतो, घोडा घुंगरे वाजवतो, बर्फ पडत राहतो, असा सारांश येतो आणि अखेरीस ‘कर्तव्य सर्वश्रेष्ठ’ हा निष्कर्ष. दिलेली वचने पाळायची आहेत आणि झोपण्यापूर्वी बरेच अंतर जायचे आहे, असे सांगणाऱ्या या कवितेच्या शेवटच्या ओळी पंडित नेहरूंनी आपल्या टेबलावर लिहून ठेवल्या होत्या, त्यामुळे आपल्याकडे तिचा हाच अर्थ रूढ झाला आहे. तो चुकीचा नव्हे. परंतु तो तू कवितेत शोधलेला नाहीस, आयता मिळाला म्हणून घेतला आहेस.

आता कविता मोठ्याने म्हण आणि केवळ यमके ऐक. पहिल्या कडव्यात ‘नो’, ‘दो’, ‘स्नो’ जुळतात आणि तिसऱ्या ओळीतला ‘हिअर’ एकटा पडतो. पण दुसऱ्या कडव्यात त्यालाच ‘क्विअर’, ‘निअर’, ‘यिअर’ हे सोबती मिळतात, आणि तेथे एकटा राहिलेला ‘लेक’ तिसऱ्या कडव्याला यमक पुरवतो. असे प्रत्येक कडवे पुढच्याला ओढत नेते. चौथ्यात मात्र ‘डीप’, ‘कीप’, ‘स्लीप’, ‘स्लीप’ असे चारही ओळींना एकच यमक आहे, शेवटची ओळ जशीच्या तशी पुन्हा येते, आणि पुढे नेणारा एकही सुटा शब्द उरत नाही. म्हणजे झोपण्यापूर्वी आपल्याला बरेच अंतर जायचे आहे असे वाटसरू म्हणतो, नेमकी तेव्हाच कवितेची चाल थांबलेली असते. शिवाय तो निघाला, असे कवितेत कोठेही म्हटलेले नाही.

‘शब्द निघण्याचा निश्चय सांगतात, पण यमकांची रचना थांबण्याची ओढ उघड करते’ हे विधान थीसिस स्टेटमेंट म्हणून, म्हणजे सगळा निबंध जे सिद्ध करतो ते मध्यवर्ती विधान म्हणून, उभे राहू शकते, कारण त्याला कवितेत पुरावा आहे आणि त्यावर वादही घालता येतो. ओळीची पुनरुक्ती म्हणजे मनाशी पक्का केलेला निर्धारच, असे तुझी एखादी मैत्रीण म्हणेल; तिचे म्हणणे निबंधातच मांडून त्याला उत्तर दे, तेथेच तुझ्या विचाराचा कस लागेल. अर्थात हे विधान माझे आहे. तू तुझे शोध. अंधार आणि शांतता यांविषयीच्या शब्दांकडे पाहिलेस तरी पुष्कळ हाती लागेल.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. ‘फ्रॉस्ट थांबतो’ असे न लिहिता ‘निवेदक थांबतो’ असे लिही (निवेदक म्हणजे कवितेत ‘मी’ म्हणून बोलणारा) आणि वर्तमानकाळ सोडू नकोस. अवतरण एका-दोन ओळींचेच असू दे, पण त्यातला कोणता शब्द तुझा मुद्दा सिद्ध करतो हे सांगितल्याखेरीज पुढे जाऊ नकोस.

गाइड तूर्त बाजूला ठेव. 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. तेथे केवळ कविता आणि पेन्सिल घेऊन बस, आणि समीक्षकांची पुस्तके स्वतःचे विधान कागदावर उतरल्यानंतरच उघड. दुसरा मसुदा पाठवताना ते विधान सर्वांत वर, एका वाक्यात, वेगळे लिहून पाठव. मी आधी तेवढेच वाचीन आणि मग पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याच्याशी ताडून पाहीन.

तुझे,
सर