आधी वही, मग ठराव

चि.,
अनेक आशीर्वाद.

आपल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेच्या वडोदरा, सुरत आणि भावनगर या तीन शाखा एक करायला तिन्हींचे पदाधिकारी राजी, व्हॉट्सॲपवर सगळ्यांचे अंगठे वर, मग घोडं अडतंय कुठे, असं तू विचारतेस. वहीत अडतंय. सभासदांच्या नोंदवहीत.

संघटना एक का व्हावी, यावर तुझा-माझा वाद नाही. पण आपला व्यवसाय डॉक्टर-वकिलांसारखा नाही. 2021 च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले, बाकीच्यांच्या डोक्यावर परिषद नाही की हातात परवाना नाही. वर्गणी थांबवली म्हणून कुणाची नोकरी जात नाही. त्यामुळे आपल्याकडे माणसं राजीनामा देऊन जात नाहीत, नुसती भरायची थांबतात. नाव वहीत तसंच राहतं.

पहिली गोष्ट बघ: तिन्ही शाखांचे पॅन वेगळे आहेत का? पॅन एकच आणि शाखा नुसत्या संघटनेच्या घटनेतल्या कलमावर चालत असतील, तर कार्यकारिणीचा ठराव आणि घटनादुरुस्ती एवढ्यावर भागेल. वेगळी नोंदणी असेल तर मात्र हे खरं विलीनीकरण, आणि मग प्रत्येक शाखेला आपापल्या घरात सगळं रीतसर करावं लागेल.

आता 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याचं कलम 12 शांतपणे वाच. प्रस्ताव लेखी किंवा छापील हवा. विशेष सभेच्या दहा दिवस आधी तो प्रत्येक सभासदाच्या हाती द्यायचा किंवा टपालानं पाठवायचा. त्या सभेत एकूण सभासदांपैकी तीनपंचमांश मतं पडली पाहिजेत, स्वतः येऊन किंवा प्रॉक्सीनं, म्हणजे आपलं मत दुसऱ्याच्या हाती लेखी सोपवून. मग महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभा, आणि तिथे हजर असलेल्यांच्या तीनपंचमांशांनी शिक्कामोर्तब. फरक लक्षात आला? दुसऱ्या सभेत हजर माणसं मोजायची, पहिलीत वहीतली नावं. ‘कोरम नाही, अर्धा तास थांबू, मग आहेत तेवढ्यांत सभा’ ही आपली नेहमीची युक्ती इथे चालत नाही. कोरम घटनेतला असतो, तीनपंचमांश कायद्यातला आहे.

हिशेब करून बघ. वहीत 300 नावं धर: 180 आजीव, 120 वार्षिक. म्हणजे 180 मतं हवीत. वडोदऱ्याच्या फतेहगंजात समाजकार्य विद्याशाखेच्या जवळ सभा ठेवलीस आणि चहाबरोबर शेव-उसळ ठेवलीस तरी तेवढी माणसं येणार नाहीत. आता कलम 15 बघ: ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत नाही, आणि त्याला सभासदांत मोजायचंही नाही. वार्षिकांतले 70 थकलेले निघाले तर उरले 230. आजीवांतले 25 वारलेले निघाले, त्यांच्यापुढे पुराव्यासह नोंद केलीस, की उरले 205. आता 123 मतं पुरतात. प्रॉक्सीचे फॉर्म वेळेत गोळा केलेस तर ती मिळतील. वही न तपासता सभा बोलावलीस तर आधीच हरलीस.

आणि आजीव सभासद कधीच थकत नाही, हे विसरू नकोस. पत्ता हरवला म्हणून त्याचं नाव खोडायचा अधिकार तुला नाही, कुणालाच नाही.

तीन वह्या एकत्र मांडशील तेव्हा खरी गंमत कळेल. एका वहीत गुजराती रीतीनं आडनाव आधी, दुसरीत मराठी रीतीनं नाव आधी, तिसरीत लग्नाआधीचं आडनाव. बाई एकच, सभासद तीन. संगणकात अक्षरानुक्रमानं लावून हे सापडत नाही. पावती क्रमांक आणि पदवीचं वर्ष जुळवून बघावं लागतं, ओळ न् ओळ. कंटाळवाणं काम आहे. ते उपाध्यक्षांच्या भाच्यावर सोपवू नकोस.

शाखा सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या असतील तर दुसरी वही चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसातली. पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा, उतारा काढ आणि विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ती बघ. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 22 खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यायचा असतो. तो बऱ्याच संस्था देत नाहीत, आणि मग सभा बोलावणाऱ्यांची नावं सरकारदरबारी नसतातच. एका माणसानं हरकत घेतली की सगळं मागे जातं. जुने रिपोर्ट आधी मार्गी लाव. शिवाय अशा न्यासांचं सभेच्या ठरावानं काम संपत नाही, त्याच कायद्याच्या कलम 50अ खाली एकत्रीकरणाची योजना चॅरिटी कमिशनरकडून मंजूर व्हावी लागते. एखाद्या शाखेच्या नावावर खोली किंवा जागा असेल आणि ती विकायचा विचार असेल, तर कलम 36 ची परवानगी आधी.

पैशांचं थोडक्यात. ‘शिल्लक आपसांत वाटून टाकू’ असं कुणीतरी हसत हसत म्हणेलच. सोसायटी कायद्याच्या कलम 14 ला ते मंजूर नाही. ज्या संस्थेत विलीन व्हायचं तिची उद्दिष्टं मिळतीजुळती हवीत आणि आयकर खात्याची नोंदणी चालू हवी, नाहीतर 2016 साली आयकर कायद्यात आणलेल्या तरतुदीनं निव्वळ मालमत्तेवर सर्वांत वरच्या दरानं कर लागतो. मुदतठेवींवरचा टीडीएस जुन्या पॅनवर कापला गेलेला असतो. त्याचा परतावा हाती येईपर्यंत जुनं बँक खातं बंद करू नकोस.

मी हटवादी आहे असं भावनगरवाले म्हणतात, हे तू आडून सुचवलंस. म्हणोत. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणा दाखवून चॅरिटी ऑफिसात काही सिद्ध होत नाही, टपालाची पावती लागते, आणि पावतीवरचं नाव वहीतल्या नावाशी जुळावं लागतं. उत्साहाला माझी ना नाही गं. तुझ्या वयाचं कुणी हे अंगावर घेतंय याचं मला फार बरं वाटतं, म्हणून तर एवढं खरडतेय.

प्रस्तावाचा मसुदा इतक्यात पाठवू नकोस, मी वाचणार नाही. तिन्ही शाखांच्या मूळ वह्या मागव, झेरॉक्स नको, आणि एका तक्त्यात पाच रकाने कर: नाव, पावती क्रमांक, आजीव की वार्षिक, शेवटची वर्गणी कधी भरली, आजचा पत्ता. सुरतेपासून सुरुवात कर, त्यांची वही सर्वांत मोठी आहे.