व्हॉट्सअ‍ॅप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, तरी मेसेज कुणी वाचू शकतं का? सिग्नल अ‍ॅपवर जावं का?

वाटेत कुणी वाचू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. २०१६ पासून सगळ्या चॅटला हे कुलूप आहे, आणि ते सिग्नलवाल्यांच्याच प्रोटोकॉलचं आहे. "कंपनीच वाचते" हे मात्र माझ्यासमोर म्हणू नका. त्या वाक्यापायी आमच्या घरात अबोला झालाय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. चुलतभाऊ आणि मी भागीदार. मी रात्री व्यापाऱ्याला किलोचा रेट पाठवायचो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुसरा एक कारखानदार त्याला दोन रुपये कमी सांगायचा. तिसऱ्यांदा असं झाल्यावर दादा भडकला. "कंपनी डेटा विकते बे!" म्हणाला आणि अख्खा धंदा टेलिग्रामवर नेला. आता तिथं साध्या चॅटला एंड-टू-एंड नसतंच, सीक्रेट चॅट वेगळं उघडावं लागतं. पण मी धाकटा, माझं कोण ऐकतो?

आणि रेट फुटायचे थांबले! दादाची कॉलर ताठ.

मी व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक्ड डिव्हायसेसची, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची, यादी उघडून बघितली, तर ऑफिसचा कॉम्प्युटर. दिवाळीत बिलं प्रिंट करायला मीच क्यूआर स्कॅन केला होता, लॉगआउट राहिलं. फोन बंद असला तरी तिकडं चॅट दिसतं. फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर ते आपोआप सुटतं. त्या खुर्चीवर कोण बसायचा ते लिहीत नाही, गड्ड्याच्या जत्रेआधीच तो काम सोडून गेला.

तेव्हा आधी ती यादी बघा. मग बॅकअप. गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपला कुलूप लावायची सोय २०२१ मध्ये आली, पण ती आपण चालू करावी लागते आणि पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला.

हां, कुणाशी कधी बोलता हे व्हॉट्सअ‍ॅपला कळतंच. कुणी रिपोर्ट केलं तर शेवटचे पाच मेसेजही त्यांच्याकडे जातात. आणि फोनच ताब्यात गेला तर कुठलंच कुलूप कामाचं नाही; २०१९ मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरनं सुमारे १४०० जणांना असंच गाठायचा प्रयत्न झाला. टॉवेलच्या रेटसाठी एवढा खर्च कोण करतंय म्हणा.

सिग्नल चांगलंच आहे, पण माझा एकही व्यापारी तिथं नाही.

दादा, हे वाचलंस तर: क्यूआर मी लावला होता, कबूल. पण रेट कंपनीनं विकला नव्हता.