वाचक विचारतात: मार्खा व्हॅली किती दिवसांत?

या महिन्यात आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त प्रश्न लडाखच्या मार्खा व्हॅली ट्रेकचे होते, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेहच्या दक्षिणेला हेमिस नॅशनल पार्कच्या आत मार्खा नदीची दरी आहे, झंस्कार नदीवरच्या चिलिंगपासून निघून तिच्या काठाकाठाने स्किऊ, मार्खा, हांकर अशा गावांतून वर वर जायचं, निमालिंगच्या कुरणावर शेवटचा मुक्काम करायचा आणि साधारण ५२०० मीटरवरची कोंगमारू ला ही खिंड ओलांडून शांग सुमदोच्या बाजूला उतरायचं. गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, वाटेतही आहेत आणि आधी-नंतरही.

प्रश्न: आम्ही तिघं मित्र, तिशीतले, दर महिन्याला सह्याद्रीत असतो, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय, अलंग-मदन-कुलंग झालंय. ऑफिसमधून सात दिवस सुट्टी मिळतेय. फ्लाइटने लेह गाठायचं, दुसऱ्या दिवशी चालायला लागायचं, असा प्लॅन एका एजंटने दिलाय. जमेल ना? (पुणे)

नाही जमणार, आणि जमवूही नका. तुमच्या फिटनेसबद्दल मला काडीची शंका नाही, नळीची वाट करणारा माणूस मार्खात चालताना दमणार नाही, पण इथे प्रश्न दमण्याचा नाहीच आहे. कळसूबाई १६४६ मीटर, आणि लेहचा विमानतळच साधारण ३२५० मीटरवर, म्हणजे विमानातून बाहेर पाऊल टाकलं की तुम्ही कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर उभे असता, तेही दीड-दोन तासांत समुद्रसपाटीजवळून उचलून आणून ठेवल्यासारखे. शरीराला या विरळ हवेची सवय करून घ्यायला दिवस लागतात आणि त्यात व्यायामाने काहीही फरक पडत नाही. उलट फिट माणसाला जास्त जपावं लागतं कारण तो भरभर चढतो, डोकं दुखत असलं तरी अंगावर काढतो आणि मित्रांसमोर बोलत नाही.

साधारण नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोज रात्री झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. आता मार्खाला हे लावून बघा. चिलिंग आणि स्किऊ लेहपेक्षा उंच नाहीत, मार्खा गाव जरा वर, हांकर ४००० च्या आसपास, इथपर्यंत दरी तुम्हाला हळूहळू चढवते, फार सभ्य दरी आहे ती. पण हांकर ते निमालिंग एका दिवसात केलं तर झोपायची उंची थेट आठेकशे मीटरने वाढते, आणि बहुतेक घाईचे प्लॅन नेमके इथेच ग्रुपला आजारी पाडतात. मध्ये थाचुंगत्से नावाची मुक्कामाची जागा आहे, तिथे एक रात्र थांबाच. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, निमालिंगला कोणाला त्रास झाला तर पुढे जाऊन सुटका नाही, पुढे तर अजून चारशे मीटर चढून खिंड आहे. मागे, हांकरकडेच उतरायचं. त्यासाठी हातात एक दिवस शिल्लक हवा, सात दिवसांत तो कुठून काढणार?

म्हणून माझ्या मते घरापासून घरापर्यंत किमान दहा दिवस, अकरा-बारा मिळाले तर अजून छान. लेहमध्ये तीन रात्री: पहिला दिवस खरंच झोपून, दुसऱ्या दिवशी बाजार आणि हळूहळू पायी भटकणं, तिसऱ्या दिवशी गाडीने ठिकसे आणि हेमिसचे गोंपा. मग स्किऊ, मार्खा, हांकर, थाचुंगत्से, निमालिंग आणि खिंड पार. स्किऊ ते मार्खा हा टप्पा वीसेक किलोमीटरचा आहे, सपाट वाटतो पण ऊन फार खातो, त्यामुळे मध्ये सारा किंवा चालक या गावांपैकी एकात एक रात्र काढली तर कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. सुट्टी खरंच वाढत नसेल तर यंदा मार्खा सोडा, पुढच्या वर्षी जा. दरी कुठे जात नाही.

उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं पण सांगते. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड, प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून देतात, पण आपल्या डॉक्टरला विचारूनच, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं, घाबरू नका. ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, घाईची परवानगी देत नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ, उलटी, झोप न लागणं असं काही सुरू झालं तर तिथेच थांबा, वर जाऊ नका. पण चालताना तोल जायला लागला, माणूस बरळायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागतेय आणि खोकला थांबत नाही, तर तो मेंदूला सूज किंवा फुप्फुसात पाणी असू शकतं, तेव्हा सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी, आणि आजारी माणसाला कधीही एकट्याला पाठवायचं नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले काही दिवस पूर्ण बंद.

प्रश्न: ट्रेकमध्ये गोंपा बघायच्यात पण आम्हाला बौद्ध धर्मातलं काही कळत नाही, नुसते फोटो काढून परत यायचं नाहीये. काय बघायचं, कसं वागायचं? (नागपूर)

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. सुरुवात दाराच्या व्हरांड्यातून करा, लोक तिथून झपकन आत जातात. दोन्ही बाजूंना चार मोठे, रंगीत, चिलखत घातलेले राजे दिसतील, ते चार दिशांचे रक्षक. आणि बऱ्याच ठिकाणी एक मोठं चक्र असतं, भवचक्र, यमाने दातांत आणि पंजात धरलेलं. त्याच्या बरोब्बर मध्यभागी बघा, डुक्कर, साप आणि कोंबडा एकमेकांच्या शेपट्या धरून फिरताना दिसतील: अज्ञान, द्वेष आणि आसक्ती, अख्खं चक्र त्या तिघांवर फिरतं अशी कल्पना आहे. बाहेरच्या भागात माणसांचे, देवांचे, प्राण्यांचे, नरकाचे लोक आहेत. हे एक चित्र पंधरा मिनिटं नीट बघितलं तरी पुढच्या प्रत्येक गोंपात तुम्हाला ओळखीचं काहीतरी सापडत जाईल.

आत प्रार्थनेच्या हॉलमध्ये भिक्खूंच्या बसायच्या बैठकांवर बसू नका, बसलात तर पाय मूर्तीकडे करू नका. बूट बाहेर. जुन्या भित्तिचित्रांवर फ्लॅश अजिबात नको, कॅमेरा बाहेर काढायच्या आधी विचारा. रक्षक देवतांची वेगळी छोटी अंधारी खोली असते, तिथे मूर्तींचे चेहरे अनेकदा कापडाने झाकलेले असतात, काही ठिकाणी बायकांना आत जाऊ देत नाहीत, मला ते पटत नाही पण दारात वाद घालायचा नाही हे मी पाळते. फिरताना स्तूप, मणीच्या भिंती, प्रार्थनाचक्रं सगळं आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच, त्यामुळे आपल्याला ते शिकवावं लागत नाही. वाटेवर मणीच्या भिंती लांबच लांब असतात, त्यावरचे ओम मणि पद्मे हुं कोरलेले दगड कोणीतरी श्रद्धेने ठेवलेले आहेत, त्यातला एकही उचलायचा नाही आणि टेकून बसायचंही नाही.

आता कुठे थांबायचं. ठिकसेला पहाटे जा, छतावर दोन भिक्खू लांब कर्णे वाजवतात आणि मग सकाळची प्रार्थना सुरू होते, पाहुण्यांना बाजूला शांत बसू देतात. तिथली मैत्रेय बुद्धाची मूर्ती साधारण १५ मीटर उंच आहे, म्हणजे दोन मजले व्यापून, आणि तुम्ही वरच्या मजल्यावर आत शिरता तेव्हा थेट चेहऱ्यासमोर येता. तिबेटी बौद्ध धर्मातल्या वेगवेगळ्या परंपरांपैकी ठिकसे गेलुग परंपरेचं, हेमिस द्रुक्पा परंपरेचं. हेमिसचा त्सेचू उत्सव तिबेटी पाचव्या महिन्याच्या दशमीला, गुरू पद्मसंभवांच्या जन्माचा, आपल्या जून-जुलैत येतो आणि दोन दिवस मुखवट्यांचे छाम नृत्य असतं. तिथला सगळ्यात मोठा थांका, म्हणजे कापडावरचं धार्मिक चित्र, दर बारा वर्षांनी तिबेटी पंचांगातल्या माकड वर्षात उलगडतात, २०१६ ला उलगडला, आता २०२८. तारखा जुळत असतील तर ट्रेकच्या आधी हे धरा, लेहची सवय होण्याचे दिवस त्यातच निघतात.

पण माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते वाटेतल्या लहान गोंपांत. मार्खा आणि उमलुंगच्या मध्ये तेचा गोंपा कड्यावर बसलाय, खालून बघून लोक पुढे निघून जातात कारण चढ उभा आहे आणि पुढच्या मुक्कामाची घाई असते. त्या दिवशी चाल लांब ठेवू नका, वर जा. लहान गोंपांना बऱ्याचदा कुलूप असतं, किल्ली ज्याच्याकडे असते त्याची गावात आदल्या रात्रीच होमस्टेवाल्या आमालेकडे (घरच्या आईकडे) चौकशी करून ठेवा, तो शेतावर गेलेला असेल तर थांबावं लागेल, थांबा. दिव्यासाठी थोडे पैसे ठेवा. आणि काही मागायला, विचारायला जाताना आधी जुले, म्हणजे लडाखी नमस्कार, म्हणा, त्या एका शब्दाने अर्धं काम होतं.

प्रश्न: मी आणि मैत्रीण, दोघीच जाणार. होमस्टेत टॉयलेट कसं असतं? पाळी त्याच दिवसांत येतेय. शाकाहारी आहोत. (ठाणे)

टॉयलेट कोरडं असतं, वरच्या मजल्यावर जमिनीला चौकोनी भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं, वापरून झालं की माती ढकलायची, खाली त्याचं खत होतं आणि वसंतात शेतात जातं. पाणी आणि पॅड त्यात टाकायचं नाही कारण ते खत बिघडतं. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झिपच्या जाड पिशवीत भरून लेहला परत आणा, किंवा सवय असेल तर पाळीचा कप उत्तम, पण पहिल्यांदा वापरायला ट्रेक निवडू नका, घरी दोन-तीन महिने वापरून बघा. हात धुवायला पाण्याची बाटली आणि साबणाचा कागद सोबत न्या.

शाकाहारी जेवणाची अडचण येत नाही, भात, डाळ, भाजी, खंबीर रोटी, भाज्यांचा थुकपा, आणि घरात बनवला तर स्क्यू, म्हणजे कणकेच्या तुकड्यांचा भाज्या घातलेला लडाखी रस्सा, जरूर मागा. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो, पण त्या कोरड्या थंडीत अंगाला मानवतो. दोघी असाल तरी गावातलाच एक गाइड सोबत घ्या, वाट सोपी असली तरी खिंडीच्या दिवशी ढग उतरले तर माहितगार माणूस लागतो.

प्रश्न: आईबाबा साठीच्या पुढे, बाबांना बीपी आहे. त्यांना मार्खा झेपेल? (सोलापूर)

मार्खा नको. डॉक्टर हो म्हणाले तर शाम व्हॅली बघा: लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. गावातून गावात, खिंडी ४००० च्या खाली, आणि रस्ता जवळ असल्याने कुठूनही गाडीत बसता येतं. सुरुवातच लिकिरच्या गोंपापासून होते. लेहचे सुरुवातीचे आरामाचे दिवस मात्र त्यांनाही तेवढेच लागतात.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये गेलं तर चालेल का? नदी पार करावी लागते असं ऐकलंय. फोन चालतो का? (कोल्हापूर)

साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सीझन. आपल्याकडे धो धो पाऊस असताना तिथे कोरडं असतं कारण हिमालयाच्या पलीकडचा भाग पर्जन्यछायेत येतो, पण कधीच पाऊस पडत नाही असं समजू नका, ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेहमध्ये किती हाहाकार झाला होता आठवत असेल. सप्टेंबर मला स्वतःला आवडतो, कापणी चालू असते, नदी उतरलेली असते, फक्त निमालिंगला रात्री पाणी गोठतं तेव्हा स्लीपिंग बॅग चांगली हवी. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी चढतं, म्हणून पाण्यातून जायची जागा असेल त्या दिवशी सकाळी लवकर निघा, पट्ट्याचे सँडल घाला, अनवाणी नको, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक झटकता येते. गावाची पोरं ज्या जागी उतरतात तिथेच उतरा. खिंडीच्या दिवशीही पहाटेच निघा, दुपारी वारा सुटतो, आणि पलीकडची उतरण अरुंद घळीतून आहे, तिथे ओढा परत परत ओलांडावा लागतो. वर पोचलात की मागे वळून कांग यात्से बघा, ६४०० मीटरचं शिखर.

लडाखबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड न्या, पण दरीत शिरल्यावर त्याचीही आशा धरू नका. घरी आधीच सांगून ठेवा की इतके दिवस फोन लागणार नाही आणि अमुक तारखेपर्यंत आला नाही तर अमुक माणसाला विचारा. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय नेऊ नका, भारतात तो गुन्हा आहे. ट्रेकच्या वाटेवर एटीएम नाही, त्यामुळे रोख पैसे लेहमधूनच काढा आणि सुटे घ्या, होमस्टेत पाचशेच्या नोटेला सुटे मिळत नाहीत.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना वय, आधी किती उंचीवर राहिला आहात आणि काही आजार असेल तर तो नक्की लिहा, उत्तर नीट देता येतं.