न्यू जर्सी सोडून टेक्सासला जावं का? टॅक्स खरंच वाचतो का?

प्रश्न थोडक्यात असा: एडिसनमध्ये भाड्याने राहणारं कुटुंब, दोघांच्या नोकऱ्या, एच-१बी (कामाचा व्हिसा), आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेली याचिका) मंजूर, मुलगी आठवीत. डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोच्या बाजूला जायचा विचार आहे, कारण 'तिकडे स्टेट टॅक्स नाही आणि तेवढ्याच पैशांत दुप्पट घर येतं'.

माझं मत: जा, पण पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. आणि पॅकर्सना फोन करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला करा.

आधी टॅक्स. दोघांचं मिळून करपात्र उत्पन्न २ लाख डॉलर धरलं, तर न्यू जर्सीचा स्टेट टॅक्स साधारण ८,७०० डॉलर होतो. टेक्सासमध्ये शून्य. भाड्याने राहणाऱ्याला हे पैसे जवळजवळ सगळेच सुटतात. सेल्स टॅक्स तिथे ८.२५ टक्क्यांपर्यंत आहे आणि कपड्यांवरही लागतो, पण त्याने फार फरक पडत नाही. मात्र दोघांपैकी कुणाची नोकरी न्यूयॉर्कच्या कंपनीत असेल आणि ती 'रिमोट' करून तुम्ही जाणार असाल, तर सावध. तुमच्या सोयीसाठी घरून केलेल्या कामाचे दिवस न्यूयॉर्क राज्य स्वतःकडचेच धरतं, त्यामुळे तिथला टॅक्स कापला जात राहतो. न्यू जर्सीच्या टॅक्समधून त्याचं क्रेडिट (वजावट) तरी मिळायचं. टेक्सासमध्ये क्रेडिट घ्यायला टॅक्सच नाही. अशा माणसाचा टॅक्सपुरता फायदा शून्य.

आता घर. टेक्सास इन्कम टॅक्स घेत नाही, म्हणून शाळा, शहर, काउंटी सगळ्यांचा डोळा घरावर असतो. ६ लाखांचं घर घ्या. राहत्या घराला होमस्टेड एक्झम्प्शन मिळतं, म्हणजे शाळेच्या टॅक्ससाठी किमतीतून १ लाख ४० हजार वजा होतात. शाळेचा दर १ टक्का धरला तर ४,६००. शहर, काउंटी आणि कम्युनिटी कॉलेज मिळून ०.७ टक्के धरले तर ४,२००. एकूण ८,८००. इथपर्यंत ठीक आहे, न्यू जर्सीतही एवढं जातंच. पण सेलायना, प्रॉस्पर, लिटल एल्मकडच्या कित्येक नव्या वसाहती 'मड' (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) किंवा 'पिड'मध्ये (पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट) येतात. रस्ते, पाणी, ड्रेनेज यांसाठी काढलेल्या कर्जाचा हा बोजा घरमालकांवर असतो. मडचा दर ०.७ टक्के धरला तरी आणखी ४,२०० वाढले, म्हणजे १३,०००. वाचवलेल्या टॅक्सपैकी निम्मा इथेच गेला. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात 'टोटल टॅक्स रेट किती आणि मड-पिड आहे का' हे लेखी मागा.

नव्या घरात आणखी एक गंमत होते. टॅक्सची किंमत १ जानेवारीच्या स्थितीवर ठरते. त्या दिवशी तिथे मोकळा प्लॉट असेल, तर पहिल्या वर्षीचं बिल फक्त जमिनीचं येतं. बँक त्यावरून एस्क्रो (टॅक्स-इन्शुरन्ससाठी हप्त्याबरोबर जमा करायची रक्कम) ठरवते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं की एस्क्रोत तूट दिसते, आणि मागची तूट अधिक पुढची वाढ मिळून हप्ता महिन्याला पाचसातशे डॉलरने उडी मारतो. लोक 'बँकेने फसवलं' म्हणतात. बँकेने फक्त हिशोब केलेला असतो. पहिल्या दिवसापासून पूर्ण किमतीवरचा टॅक्स धरून पैसे बाजूला टाका. होमस्टेडचा अर्ज काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे स्वतः करायचा असतो, तो आपोआप होत नाही. मूल्यांकन जास्त वाटलं तर आक्षेपाची मुदत साधारण १५ मे. दरवर्षी आक्षेप घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

टॅक्सपेक्षा लोक विसरतात ते छप्पर आणि पाया. डॅलसच्या परिसरात वसंतात गारपीट होते, आणि इन्शुरन्समध्ये वादळ-गारांसाठी वेगळं डिडक्टिबल असतं: घराच्या कव्हरेजच्या १ किंवा २ टक्के. ५ लाखांच्या कव्हरेजवर २ टक्के म्हणजे १० हजार डॉलर तुमच्या खिशातून. गारा पडल्या की रूफर (छपराचा ठेकेदार) दारावर येऊन 'डिडक्टिबल आम्ही बघून घेतो' म्हणतो. टेक्सासमध्ये हे बेकायदा आहे, त्याला सरळ वाटेला लावा. जुनं घर घेताना छपराचं वय विचारा. जुन्या छपराला कित्येक पॉलिसी घसारा कापूनच पैसे देतात.

पायाचं कारण काळी चिकणमाती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचा काँक्रीटचा स्लॅब तिच्याबरोबर हलतो. घर बघताना दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या भेगा, वरच्या कोपऱ्यात घासणारी दारं आणि विटांच्या जोडांत वाढत गेलेली फट पाहा. शंका आली तर साध्या होम इन्स्पेक्टरवर थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट घ्या. उन्हाळ्यात पायापासून फूट-दीड फुटावर सोकर होज (पाणी झिरपवणारी नळी) टाकून माती सारखी ओलसर ठेवायची असते. एडिसनहून आलेल्याला हे विनोदी वाटतं, पण पायाच्या दुरुस्तीचं बिल तसं नसतं.

वीज कंपनी तिथे बऱ्याच ठिकाणी स्वतः निवडायची असते. 'पॉवर टू चूज' या सरकारी साइटवर सगळ्यात वर दिसणारा स्वस्त दर बहुधा १,००० युनिटला १०० डॉलर क्रेडिट अशा धाटणीचा असतो. ९९० युनिट वापरलेत तर क्रेडिट गेलं. इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबलमध्ये ५००, १,००० आणि २,००० युनिटचे दर दिलेले असतात. तिन्ही आकडे जवळजवळ असलेला प्लॅन घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये एसी अखंड चालतो, २,००० युनिट सहज होतात.

आता वकिलाला काय विचारायचं. एडिसन आणि डॅलस वेगवेगळ्या महानगर क्षेत्रांत येतात, म्हणून कंपनी तीच राहिली तरी एच-१बीची सुधारित याचिका तिकडे काम सुरू करण्याआधी दाखल व्हायला हवी. पर्म (ग्रीन कार्डसाठी कंपनी घेते ते लेबर सर्टिफिकेशन) त्या जागेपुरतं असतं. तुमचं आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) अजून भरलेलं नसेल, तर सहसा नवं पर्म आणि नवं आय-१४० लागतं. जुनी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) टिकते, पण कंपनी नवं पर्म करायला तयार आहे का, हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी 'हो' धरू नका. आय-४८५ भरून १८० दिवस उलटले असतील तर त्याच प्रकारच्या कामासाठी जागा बदलता येते. पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरा.

मुलगी आठवीत असणं हे सोयीचं आहे. टेक्सासमधल्या शाळेतून वरच्या १० टक्क्यांत आलेल्या मुलांना बहुतेक सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश आहे. ऑस्टिनच्या यूटीत (टेक्सास विद्यापीठात) ती मर्यादा २०२६च्या फॉलपासून ५ टक्के. प्रवेश विद्यापीठात मिळतो, कॉम्प्युटर सायन्समध्ये मिळेलच असं नाही. फ्रिस्को, प्लेनो, कॉपेलच्या शाळांत रँकची चुरस फार आहे, त्यामुळे अकरावीत बदली करण्यापेक्षा नववीच्या सुरुवातीला जाणं कधीही बरं. तिकडे शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडते, म्हणजे सामान जुलैत, १०० फॅरनहाइटमध्ये हलेल.

मराठी माणसांची वाण पडणार नाही. डॅलसला महाराष्ट्र मंडळ आहे, फ्रिस्कोला कार्यसिद्धी हनुमान मंदिर आहे. अडचण होते ती आई-वडील आले की. नेवार्क-न्यूयॉर्कसारखं मुंबईचं थेट विमान डॅलसहून नाही, दोहा-दुबईसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. तिकिटातच व्हीलचेअर नोंदवून ठेवा. फ्रिस्कोत लोकल ट्रेन नाही आणि गाडी न चालवणारा माणूस घरात अडकतो, म्हणून भाड्याचं घर देवळाच्या किंवा इंडियन स्टोअरच्या चालत्या अंतरावर बघा. गाडीचं रजिस्ट्रेशन ३० दिवसांत, लायसन्स ९० दिवसांत बदला. प्रत्येक गाडीमागे ९० डॉलर नवरहिवासी कर लागतो, आणि डॅलस, कॉलिन, डेंटन काउंटीत एमिशन टेस्ट अजूनही करावी लागते.