प्रेसिपिस ट्रेल ऐन जूनमध्ये बंद का ठेवतात?

तुमचा प्रश्न असा की जूनमध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कला जाताय, आणि एका पक्ष्याच्या जोडीसाठी प्रेसिपिस ट्रेल बंद ठेवणं अतीच नाही का? गुपचूप गेलं तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि आवाजाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. बहिरी ससाणा, म्हणजे तिथल्या पाटीवरचा पेरिग्रिन फाल्कन, काड्यांचं घरटं बांधतच नाही. कड्याच्या कपारीतली खडी उकरून खळगा करायचा, त्यात तीन-चार अंडी. बाकी संरक्षण म्हणजे तो कडा. आणि प्रेसिपिस ट्रेल शँप्लेन डोंगराच्या त्याच उभ्या कड्यावरून, लोखंडी कांब्या आणि शिड्या धरत जातो. कड्याखालून जाणारा माणूस या पक्ष्याला एक वेळ चालतो. बरोबरीला किंवा डोक्यावर आलेला मुळीच नाही. मग तो अंडी सोडून उठतो आणि कॅक-कॅक-कॅक ओरडत घिरट्या घालतो. खालून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय दर्शन दिलं! तिकडे एप्रिलच्या थंडीत अंडी गारठत असतात, डोमकावळे टपलेले असतात. पिल्लं मोठी झाली की वेगळाच घोर. पाच आठवड्यांचं पिल्लू घाबरून काठावरून उडी टाकतं, आणि पंखांत अजून तेवढा जोर नसतो.

यामागे इतिहासही आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरीच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आईच्या वजनाने फुटायची. अमेरिकेच्या पूर्व भागातून हा पक्षी संपलाच होता. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली. अकेडियात 1984 ते 1986 दरम्यान पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडली, आणि 1991 मध्ये तिथे पुन्हा यशस्वी वीण झाली. त्यानंतर शंभरावर पिल्लं तिथून उडाली आहेत. एवढ्या खटाटोपानंतर चार-पाच महिने एक वाट बंद ठेवणं मला तरी स्वस्तात सुटल्यासारखं वाटतं. दोरी ओलांडून जाणाऱ्याला 5000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा 'कोण बघतंय' हा आपला लाडका हिशेब तिथे करू नका. ड्रोन तर पार्कात कुठेच चालत नाही.

आपल्याकडेही हे लागू आहे बरं का. सह्याद्रीच्या कड्यांवरचा शाहीन ससाणा ही याच बहिरीची उपजात, आणि त्याच्या विणीचे महिने म्हणजे नेमका आपला रॅपलिंगचा, म्हणजे दोराने कडे उतरायचा हंगाम. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले, वर पक्षी ओरडत फिरतोय, तर दोर दुसरीकडे लावा. आणि फोटो टाकलात तरी जागेचं नाव टाकू नका.

तुमच्या जूनच्या बेताचं म्हणाल तर बीहाइव्ह ट्रेल करा. तिथेही कांब्या आहेत, पोटात गोळाही येतो, फक्त चढ लहान आहे. सकाळी प्रेसिपिसच्या पार्किंगमध्ये थांबलात तर रेंजर बहुधा दुर्बीण लावून बसलेले असतात. विचारलंत की घरट्याची कपार दाखवतात. जाणं पुढे ढकलता येत असेल तर ऑगस्टच्या मध्यानंतरचं बघा. पिल्लं लवकर उडाली तर वाट आधीही उघडते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.