विहिरीत पोहणाऱ्याला स्कूबा जमेल का, आणि त्यातून समुद्रासाठी काही करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव परळीजवळ, बी.एस्सी. झालंय, विहिरीत चांगलं पोहता येतं, समुद्र एकदाच पाहिलाय. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणं, शिकून प्रवाळ वाचवण्याच्या कामात जायचं आहे, आणि घरचे हसतात.

हसू द्या. जमेल. पण विहिरीनं शिकवलेली एक गोष्ट आधी विसरावी लागेल. माझी पहिली फजिती तिच्यामुळंच झाली.

मी औसा तालुक्यातला. मामानं पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून विहिरीत ढकललं, पुढच्या उन्हाळ्यात कॅन सुटला. मुटके मारून कंटाळा आला की आमची खरी पैज एकच: बुडी मारून तळाचा मूठभर गाळ आणायचा. मुठीत गाळ नसला तर बुडी धरली जायची नाही. जो जास्त वेळ दम कोंडेल तो पट्टीचा, ही समजूत घेऊनच मी मालवणला गेलो. पाठीवर सिलिंडर, तोंडात त्याची हवा देणारा रेग्युलेटर, आणि पाण्यात उतरताच मी सवयीनं श्वास धरून बसलो. इन्स्ट्रक्टरनं माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि हातानं खूण केली, बुडबुडे कुठायत?

यामागचं गणित नीट समजून घ्या, कारण इथं चुकीला माफी नाही. विहिरीत तुम्ही वरची हवा घेऊन खाली जाता. खाली ती दाबानं आकसते, वर येताना पुन्हा होती तेवढी होते. छातीला काही इजा नाही. स्कूबात तुम्ही खाली असताना हवा घेता, आणि रेग्युलेटर ती त्या खोलीच्या दाबानंच देतो. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे ३३ फुटांवर, आपल्याकडच्या बेताच्या विहिरीच्या तळाला, दाब वरच्या दुप्पट. तिथं छाती भरून घेतली आणि दम कोंडून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटायला एवढं पुरतं. म्हणून श्वास चालूच ठेवायचा, घाबरलात तरी. वर येणं सावकाश, मिनिटाला ९ मीटरच्या आत, आणि वर येण्याआधी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबणं.

कानांचंही तसंच. विहिरीत दडे बसले तरी आपण दामटून तळ गाठतो. इथं पहिल्या एक-दोन मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान मोकळे झाले की पुढं. दुखायला लागल्यावर फुंकणं म्हणजे उशीर झालाच. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. तो वैद्यकीय फॉर्म आपण वाचतसुद्धा नाही, सगळ्याला 'नाही' लिहून मोकळे होतो. तसं करू नका.

आता शिकायचं कुठं. मालवणला पर्यटक जे करतात ती ओळखीपुरती बुडी. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवतो, पोहता आलं नाही तरी चालतं. त्यातून हौस कळते, विद्या येत नाही. तुम्हाला लागेल तो ओपन वॉटरचा कोर्स. तीन-चार दिवसांचा, खर्च २५-३० हजारांच्या घरात, आणि तो केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यात २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. विहिरीतल्या माणसाला ते काहीच नाही. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, त्यामुळं पंचाईत बुडण्याची नसून खाली जाण्याची होते. कमरेला शिशाची वजनं म्हणूनच बांधतात. मालवणजवळ तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथं चौकशी करा. पावसाळ्यात सगळं बंद असतं.

माझी ती पहिली बुडी मात्र चांगल्या ठिकाणी झाली नाही. श्वासाची खूण सोडली तर बाकी सगळी घाई होती. बोटीवर दोन मिनिटं सूचना, खाली गेल्यावर हातात पावाचा तुकडा, मासे अंगावर आले की फोटो, आणि फोटोसाठी मला ज्या 'दगडा'वर उभं केलं तो दगड नव्हता. ते जिवंत प्रवाळ होतं. हे मला फार नंतर कळलं, आणि तो फोटो मी अजून कुणाला दाखवत नाही.

प्रवाळ, म्हणजे पोवळं, हा प्राणी आहे. टाचणीच्या डोक्यापासून बोटाच्या पेराएवढे जीव चुन्याचं घर बांधत राहतात. काही गोल जाती वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माझ्या पायाखालचं ढेकूळ माझ्याहून वयानं मोठं असू शकत होतं. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला पोसतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दोन अंशांनी काही आठवडे तापलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही. उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाही तर करपतं. १९९८ साली आणि २०१६ साली लक्षद्वीपनं हे भोगलंय.

तापलेलं पाणी तुम्ही-आम्ही पाण्याखाली जाऊन निववू शकत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: नवशिक्यानं समुद्र वाचवायला जाऊ नये, आधी समुद्राला धक्का न लावता तरंगायला शिकावं. ना वर, ना खाली, तळापासून हातभर अंतरावर अधांतरी राहणं. नुसत्या श्वासावर हा तोल सांभाळायला मला वीसेक बुड्या लागल्या. तो येईपर्यंत तुमच्या पायातले फिन्स, म्हणजे पोहायचे वल्हे, मागं काय मोडत चाललेत हे तुम्हाला दिसत नाही.

तोल आल्यावरचं कामही सिनेमासारखं नसतं. तळावर टेप अंथरायची आणि तिच्याखाली काय काय येतं, जिवंत प्रवाळ, मेलेलं, वाळू, शेवाळ, हे पाटीवर पेन्सिलनं लिहीत जायचं. पेन्सिल पाण्याखाली उमटते. पुढच्या वर्षी त्याच जागी तेच. मी दोन हिवाळे हे केलंय. थंडी वाजते, पाणी गढूळ असतं, आणि संध्याकाळी आकडे भरताना डोळे मिटतात. तरी तलाठ्यानं पीकपाहणी न करता नुकसानभरपाई ठरवली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मोजल्याशिवाय पुढचं सगळं हवेत.

तिसरी गोष्ट माणसांची. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटर, आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. त्यांना आडमुठं म्हणण्याआधी त्यांच्यात बसा. किनाऱ्यावरून हातानं रापणीचं जाळं ओढणारा माणूस आणि माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्याची यांत्रिक बोट यांचं भांडण समजून घ्या. आपल्याकडं कोरडवाहूवाला आणि पाटाचं पाणी मिळालेला बागायतदार यांच्यात जे चालतं, त्याचीच जात. मला पटलेली योजना पाण्याखालची नाहीच. जाळ्यात कासव किंवा संरक्षित मासा सापडला तर मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडायचं आणि राज्यानं त्या जाळ्याची भरपाई द्यायची, २५ हजारांपर्यंत. २०१८च्या अखेरीपासून ती चालू आहे. जाळ्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न कुणीतरी विचारला, म्हणून ती सुचली.

नोकरीचं खरं सांगतो. कोर्सनंतर मिळणाऱ्या नुसत्या स्कूबाच्या कार्डावर पर्यटनात काम मिळतं, संवर्धनात नाही. तिथं आधी विषय लागतो. बारावीतला कुणी भाऊ-बहीण असेल तर सांगा, मत्स्य विज्ञान महाविद्यालय आपल्याच मराठवाड्यात, लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला आहे. समुद्र तिथून शेकडो कोस लांब, तरी मत्स्य विज्ञानाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, बी.एफ.एस्सी., तिथं होतो. तुमचं बी.एस्सी. झालंय, तर प्राणिशास्त्रात किंवा सागरी विज्ञानात एम.एस्सी. करा. गोवा विद्यापीठ बघा. गोव्यातलीच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, यांच्या प्रकल्पांत सहायकांच्या जागा निघतात. पगार बेताचे, मुदत एक-दोन वर्षांची. डाइव्ह येणारा उमेदवार अशा वेळी उजवा ठरतो. कार्डाचा उपयोग तेवढाच.

एम.एस्सी.चा प्रबंध करायची वेळ आली तर मालवणचाच हट्ट धरू नका. आपलं पाणी मुळात अरबी समुद्राला जातच नाही. बिंदुसरा नदी सिंदफणेला, सिंदफणा गोदावरीला, मांजराही शेवटी गोदावरीलाच, आणि गोदावरी काकिनाड्याजवळ कोरिंगाच्या खारफुटीतून बंगालच्या उपसागराला. धरणं बरंच अडवतात, हे खरं. पण पुरात शेतात अंथरलेले मल्चिंगचे फाटके प्लॅस्टिक कागद आणि खताच्या गोण्या कुठवर जातात, हे इथं बसून मोजण्यासारखं आहे, आणि त्याला सिलिंडर लागत नाही.

जाताना एक लक्षात ठेवा, हे तिकडचे लोक हमखास सांगत नाहीत. डाइव्हनंतर रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो आणि उंचीवर गेलं की त्याचे बुडबुडे व्हायची भीती असते. विमान लगेच धरू नये, १२ ते १८ तास थांबावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आंबोलीचा घाट ६९० मीटरच्या आसपास आहे, आणि आपलं घरही समुद्रापासून चार-पाचशे मीटर उंच. कोर्समधल्या खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीत बसू नका. सोमवारी हजेरी द्यायची असेल तर शनिवारी सकाळीच डाइव्ह उरका, ती रात्र देवबागला मासे खात काढा आणि रविवारी दुपारी निघा. घाटात गाडी लागते, लिंबू जवळ ठेवा.